सहीचा नमुना

बँकेतून निवृत्त झालेली माणसं बहुधा बागकाम तरी करतात किंवा ज्योतिष तरी. मी कादंबऱ्या लिहीत होतोच. त्यात बासष्टाव्या वर्षी ‘सी’ ही संगणकाची भाषा शिकायला बसलो. निमित्त, एक मोडका लॅपटॉप.

त्याचं आतलं वाय-फाय गेलं होतं. पुण्याच्या भाचीनं त्यावर लिनक्स घालून दिलं आणि शेजाऱ्यांनी यूएसबीला लावायचा एक जुना डोंगल दिला. डोंगल लावला, तर लॅपटॉप त्याला ओळखच देईना. झाकण उचकटून भिंगातून चिपवरची अक्षरं वाचली: एआर ९२७१. या चिपसाठी लिनक्समध्ये ‘एथ-नाइन-के-एचटीसी’ नावाचा ड्रायव्हर आहे. मग अडलं कुठं?

ड्रायव्हर म्हणजे संगणक आणि उपकरण यांच्यातला दुभाषा. त्याच्या फायलीत एक तक्ता असतो. प्रत्येक यूएसबी वस्तू लावल्याबरोबर दोन आकडे सांगते, एक उत्पादकाचा, दुसरा वस्तूचा. हे आकडे सोळाच्या हिशेबातले, म्हणजे नऊनंतर ए ते एफ ही अक्षरं. मूळ चिपचा आकडा तक्त्यात होता. माझ्या डोंगलवर विकणाऱ्यानं स्वतःचा घातलेला, तो नव्हता. मी खुर्चीतच हसलो. माणूस तोच, पण सहीचा नमुना कार्डावर नाही. काउंटरवरून किती जणांना असं परत पाठवलं असेल!

परत पाठवण्यावरून आठवलं. १९९४ च्या सुमारास शाखेत लेजर पोस्टिंगची यंत्रं होती. एक म्हातारी पेन्शनर बाई व्याज कमी पडलंय म्हणून आल्या. त्यांनी वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीनं हिशेब केला होता. मी तो पाहिलासुद्धा नाही. ‘आजी, हे कॉम्प्युटरनं काढलंय,’ म्हणालो. तीन महिन्यांनी प्रोग्रॅममधली चूक सापडली, रक्कमही जमा झाली. तोवर आजी वारल्या होत्या. यंत्राच्या आत काय लिहिलंय हे मला कधी दिसलं नव्हतं, आणि बघावं असं वाटलंही नव्हतं.

लिनक्समध्ये ते दिसतं. लिनस टॉरवाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्यानं १९९१ मध्ये ते सुरू केलं. ज्याला हवं त्यानं वाचावं, बदलावं. तेव्हा मी बदललं. तक्त्यात एक ओळ वाढवली. महिरपी कंस विसरलो, तर चुकांची यादी पानभर. कंस घातला, तर कर्नल म्हणे, हे मॉड्यूल माझ्या आवृत्तीचं नाही. (शाखेचा शिक्का चुकला की ड्राफ्ट परत, तसंच.) तेही निस्तरलं. मग उत्साहाच्या भरात, ड्रायव्हर जागा झाला की संदेश छापणारी एक ओळ घातली आणि रिकाम्या पत्त्यावर बोट ठेवलं. साधा प्रोग्रॅम चुकला तर तो एकटा मरतो. कर्नलच्या आत चूक झाली तर घर खाली येऊ शकतं. पडदा गोठला. कादंबरीचं नववं प्रकरण न साठवलेलं, तेही गेलं. घरात दोन दिवस माझ्याशी कुणी फारसं बोललं नाही. बरंच केलं.

तिसऱ्या आठवड्यात डोंगलचा दिवा लागला.

भाचीला फोन केला. ती हसली. ‘मामा, ड्रायव्हरला नवा आकडा नुसता एका ओळीच्या हुकमानं सांगता येतो. काही बांधावं लागत नाही.’

‘आधी का नाही सांगितलंस?’

‘तुम्ही विचारलंत कुठं?’

खरं होतं. पण फाइल मी तशीच ठेवली आहे. कर्नलची नवी आवृत्ती आली की पुन्हा बांधायला बसतो. डोंगल लावला की नोंदवहीत माझी ओळ उमटते, रोमन लिपीत: ‘सही जुळली’. नववं प्रकरणही पुन्हा लिहून झालं. त्यात आता पेन्सिलीनं हिशेब करणारी एक बाई आली आहे.