परदेशी नोकरीचा अर्ज आणि जुनी पोलीस केस



मागच्या महिन्यात आमचा एक माजी विद्यार्थी वडिलांबरोबर शाळेत आला. शाळा सोडल्याचा दाखला हरवला होता, त्याची दुसरी प्रत हवी होती. मुलगा आयटीआय करून वेल्डर झाला आहे आणि कॅनडात कामासाठी अर्ज करतो आहे. दाखल्याचे काम झाले तरी वडील उठेनात. मग हळूच म्हणाले, "सर, श्रावणात एकदा पत्ते खेळताना पकडला होता. दंड भरून सुटला. फॉर्ममध्ये तसा प्रश्न आहे. एजंट म्हणतो 'नाही' लिहा, कोण बघायला येतं?"

हा प्रश्न आपल्या नवागाम-डिंडोली भागात एकाच घरचा नाही. श्रावणातला जुगार, नवापूरकडून लग्नाहून येताना पिशवीत सापडलेली बाटली, मिरवणुकीतली मारामारी, अशा केसेस घरोघरी विसरल्या गेल्या आहेत. म्हणून या अंकात त्याविषयी लिहीत आहोत.

पहिली गोष्ट, "दंड भरला, मिटलं" हा समज चुकीचा आहे. कोर्टात गुन्हा कबूल करून दोनशे रुपये दंड भरला तरी कायद्याने ती शिक्षाच ठरते. तडजोड झाली असेल तर गोष्ट वेगळी. कायद्याने तडजोडीस योग्य असलेल्या गुन्ह्यात कोर्टासमोर रीतसर समेट झाला, तर त्याचा परिणाम निर्दोष सुटल्यासारखाच असतो. त्यामुळे आधी आपले प्रकरण नेमके कशात संपले ते पाहावे. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर नाव टाकून पुष्कळदा शोध लागतो, नाहीतर अठवालाइन्सच्या जिल्हा न्यायालयातून निकालाची प्रमाणित नकल काढावी लागते. नकल बहुधा गुजरातीत असते, परदेशी कचेरीसाठी तिचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावे लागते. (आम्ही स्वतः हिंदी माध्यमात शिकलो. हिंदी सिनेमातल्या 'बाइज्जत बरी'ची आम्हाला मोठी मौज वाटे. कागदावर मात्र निकालातले शब्द जसेच्या तसे लागतात.)

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पासपोर्टचा फॉर्म आणि व्हिसाचा फॉर्म एकच प्रश्न विचारत नाहीत. १९६७ च्या पासपोर्ट कायद्याच्या कलम ६ प्रमाणे मुख्यतः दोन गोष्टी आड येतात. एक, गेल्या पाच वर्षांत नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यासाठी किमान दोन वर्षांची कैद झालेली असणे. दुसरी, फौजदारी कोर्टात खटला चालू असणे. म्हणजे जुगाराच्या दंडामुळे या मुलाचा पासपोर्ट अडत नव्हता, आणि अडलाही नाही. पोलिसांत नुसती तक्रार नोंदली आहे, तपास सुरू आहे, कोर्टाने अजून दखल घेतलेली नाही, तर तो चालू खटला धरला जात नाही. खटला खरोखर चालू असला तरी दार पूर्ण बंद होत नाही. २५ ऑगस्ट १९९३ च्या अधिसूचनेप्रमाणे त्या कोर्टाची परवानगी आणली की पासपोर्ट मिळू शकतो. कोर्टाने मुदत लिहिली नसेल तर तो एक वर्षाचा असतो.

अटीवर परवानगी ही गोष्ट जुनीच आहे. १९०७ च्या सुरत काँग्रेसमुळे आपल्या गावाशी ज्यांचे नाव जोडले गेले, त्या लोकमान्य टिळकांना पुढच्याच वर्षी सहा वर्षांची शिक्षा झाली. १९१८ मध्ये ते विलायतेला निघाले तेव्हा सरकारने कोलंबोत त्यांचे पासपोर्ट रद्द केले. त्याच वर्षी चिरोलवरच्या दाव्यासाठी त्यांना जाऊ दिले, पण राजकीय चळवळ करायची नाही या अटीवर. तो मामला राजकीय होता हे खरे.

आता व्हिसा. कॅनडाचा फॉर्म विचारतो की कोणत्याही देशात तुम्ही कधी गुन्हा केला, अटक झाली, आरोप ठेवला गेला किंवा शिक्षा झाली आहे का. 'कधी' या शब्दाला पाच वर्षांची मुदत नाही. अमेरिकेचा फॉर्म तर माफी मिालेल्या प्रकरणाबद्दलही विचारतो. तेथे निर्दोष सुटलेल्यानेही अटक झाली असेल तर 'हो' लिहून निकाल जोडायचा असतो. 'हो' लिहिले म्हणजे नकारच येतो असे नाही. गुन्हा केवढा, शिक्षा किती, किती वर्षे झाली हे पाहतात. ब्रिटनमध्ये बारा महिने किंवा त्याहून जास्त कैद झालेल्याला साधारणपणे व्हिसा नाकारला जातो. कॅनडात तोच गुन्हा त्यांच्या कायद्यात कोणता ठरेल ते बघतात, आणि शिक्षा संपून पाच वर्षे झाल्यावर पुनर्वसनाचा अर्ज करता येतो.

खोटे 'नाही' मात्र महाग पडते. कॅनडात पाच वर्षे बंदी, ब्रिटनमध्ये दहा वर्षांपर्यंत. आपल्याकडेही पासपोर्टसाठी खोटी माहिती दिली तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि सही अर्जदाराची असते, एजंटची नव्हे. दोनशे रुपयांच्या दंडासाठी पाच वर्षांची बंदी ओढवून घेणे आम्हाला तरी शहाणपणाचे वाटत नाही.

विद्यार्थ्यांसाठी एक खास गोष्ट. अठरा वर्षांच्या आतील मुलाचे प्रकरण बाल न्याय कायदा, २०१५ प्रमाणे चालले असेल, तर कलम २४ नुसार पुढे त्याला शिक्षेमुळे येणारी अपात्रता लागत नाही. अपवाद आहे तो सोळा वर्षांवरील मुलांच्या अतिगंभीर गुन्ह्यांचा. फॉर्ममध्ये काय लिहावे ते अशा वेळी वकिलाला विचारूनच ठरवावे.

आणि दहावी पूर्ण करा. दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टवर सहसा ईसीआर लागते, आणि सौदी, कतार, कुवेत, ओमान यांसारख्या अठरा देशांत कामाला जाण्याआधी सरकारी मंजुरी घ्यावी लागते.

त्या मुलाने कोर्टातून नकल काढली, भाषांतर करून घेतले आणि फॉर्ममध्ये 'हो' लिहून पाच ओळींत हकीकत दिली. मसुदा आम्हाला दाखवला तेव्हा "मित्रांनी बोलावले म्हणून" ही ओळ आम्ही खोडायला लावली. अर्ज गेला आहे, उत्तर यायचे आहे.