माहूरची सावित्री

नांदेड-लातूरकडील पुष्कळ घरांतून गुरुचरित्राचे सप्ताह होतात. त्या ग्रंथाच्या तिसाव्या अध्यायापासून येणारी माहूरच्या सावित्रीची कथा आमच्या वाचकभगिनींस ठाऊकच असेल. गोपीनाथ नामक सधन ब्राह्मणाचा पुत्र दत्त यास ऐन तारुण्यांत क्षयानें ग्रासलें. वैद्यांचे उपाय खुंटले. तेव्हां सासूसासऱ्यांची समजूत घालून ती साध्वी पतीस गाणगापुरीं श्रीनृसिंहसरस्वतींच्या चरणांपाशीं घेऊन गेली. तेथें पोहोंचतांच पतीचे प्राण गेले व पुढें गुरुकृपेनें ते परत आले, असें कथा सांगते.

श्रद्धाळू मन त्या चमत्कारावर खिळतें, हें स्वाभाविकच आहे. परंतु त्यापूर्वीचा भागहि तितकाच मननीय नव्हे काय? वैद्य प्रथम आणि गाणगापूर नंतर, हा क्रम कथेनेंच घालून दिला आहे. शिवाय इतरांची आशा सुटल्यावरहि एक माणूस रुग्णाच्या उशाशीं बसून राहिलें. दीर्घ दुखण्यांत रात्र सरतां सरत नाहीं, तेव्हां नामस्मरणानें रुग्णाचें मन स्थिरावतें व शुश्रूषा करणारांचा धीर टिकतो. श्रद्धेचें खरें बळ तें हेंच.

मात्र त्या श्रद्धेचा कोणास जाच होऊं नये. गेलेला जीव प्रत्येक घरीं परत येत नाहीं. अशा वेळीं “सेवेंत कांहीं उणें पडलें असेल,” असें सुनेस ऐकविणें म्हणजे दुःखावर डागणी होय. तसेंच नवसाचे उपास रुग्णाच्या माथीं मारूं नयेत. क्षयांत औषधाच्या जोडीनें सकस अन्न हवेंच.

सावित्रीच्या काळीं या रोगाचें कारण अज्ञात होतें. रॉबर्ट कॉक यांनीं त्याचा जंतु 1882 सालीं दाखविला व 1943 सालीं स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला. आज नेहमींच्या औषधांस दाद देणारा क्षय साधारणतः सहा महिन्यांच्या उपचारानें बरा होतो, आणि तीं औषधें सरकारी दवाखान्यांत मोफत मिळतात. धोका निराळाच आहे. ताप उतरला, खोकला थांबला, कीं रुग्ण गोळ्या सोडतो. मग रोग उलटतो आणि पुष्कळदां त्याच औषधांस जुमानीत नाहीं.

आरंभिलेला सप्ताह मध्येंच सोडूं नये, हें आपल्या घरांतील मुलांनाहि कळतें. सात दिवसांच्या वाचनास जो नियम, तोच सहा महिन्यांच्या औषधास लावावा. पोथीशेजारीं गोळ्यांची पुडी ठेवावी, आणि देवापाशीं दिवा लावणारानें त्या दिवशींची गोळी घेतली गेली कीं नाहीं, हें रोज विचारावें.