ॲनोमॅलोकॅरिस

कँब्रियन कल्पातील एक निर्वंश सागरी प्राणी. संधिपाद (आर्थ्रोपोडा) संघाच्या मूळ शाखेजवळील रेडिओडोंटा गणात याचा समावेश करतात. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील सु. ५०·८ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत याचे जीवाश्म (शिळारूप अवशेष) आढळतात.

शरीर मऊ, लांबट व सु. ३५ सेंमी. लांब असून दोन्ही बाजूंस पोहण्यासाठी चपट्या पाळ्यांच्या जोड्या व मागे पंख्यासारखे पुच्छ होते. डोळे देठांवर होते. मुखापुढील खंडयुक्त, काटेरी उपांगांची जोडी भक्ष्य पकडण्यास उपयोगी पडे. मुखाभोवती कठीण पट्टांचे वलय होते.

मृत्यूनंतर मऊ शरीर लवकर कुजे. उपांगे व मुखवलय मात्र सुटी होऊन टिकत. त्यामुळे या गटाविषयी दीर्घकाळ गैरसमज राहिला. १८९२ मध्ये जे. एफ. व्हाइटीव्ह्‌ज यांनी सुट्या उपांगांना कोळंबीसदृश प्राण्याचे धड समजून ‘विलक्षण कोळंबी’ या अर्थाचे हे नाव दिले. १९११ मध्ये सी. डी. वॉलकट यांनी मुखवलयाचे जेलीफिश म्हणून (पेटोइआ) व चेपलेल्या शरीराचे समुद्रकाकडी म्हणून (लॅगॅनिया) वर्णन केले. पुढे एच. बी. व्हिटिंग्टन यांनी एका नमुन्यावरील खडक कोरून काढला, तेव्हा ही उपांगे व मुखवलय एकाच शरीराला जोडलेली आढळली. १९८५ मध्ये त्यांनी व डी. ई. जी. ब्रिग्ज यांनी तिन्ही अवशेष एकाच प्रकारच्या प्राण्याचे असल्याचे दाखविले. या निष्कर्षातही पुढे दुरुस्ती झाली. वॉलकट यांचे नमुने पेटोइआ या निकटच्या प्रजातीचे ठरले आणि ॲनोमॅलोकॅरिसचे मुखवलय वेगळ्या रचनेचे असल्याचे २०१२ मध्ये स्पष्ट झाले.

ऑस्ट्रेलियातील कांगारू बेटावर मिळालेल्या या गटातील प्राण्याच्या संयुक्त नेत्रात १६,००० हून अधिक भिंगे असल्याचे २०११ मध्ये आढळले. यावरून दृष्टी तीक्ष्ण असावी. हा प्राणी ट्रायलोबाइटांची कवचे फोडीत असे, असे पूर्वी मानीत. परंतु २०२३ मधील संगणकीय अभ्यासानुसार त्याची उपांगे कठीण कवचांच्या आघाताने निकामी झाली असती. तो मोकळ्या पाण्यातील मऊ शरीराचे चपळ प्राणी पकडीत असावा.

सुट्या अवयवावरून संपूर्ण प्राण्याची कल्पना करण्यात किती धोका असतो, हे पुराजीवविज्ञानात या उदाहरणाने स्पष्ट होते.