अनुरागाची अनुकृती : चाहत्यांच्या विडंबनाविषयी

थट्टेला विषय पुरतो. विडंबनाला नमुना लागतो. या एका भेदातून विडंबनाचे सारे शास्त्र निघते. फुटबॉलच्या एखाद्या संघाच्या चाहत्यांवर समाजमाध्यमांतून जी विडंबने आज प्रसृत होतात, त्यांना हा भेद तंतोतंत लागू पडतो. त्यांचा नमुना खेळ नव्हे, खेळाडूही नव्हे. त्यांचा नमुना म्हणजे चाहत्याची भाषा : त्याच्या प्रतिज्ञा, त्याचे शोक, पंचांवरील त्याचे आरोप आणि पराभवाचा विजय करून दाखविण्याची त्याची अलौकिक हातोटी. ही भाषा ठरीव साच्यांची असते आणि ती सर्वांच्या कानांवरून गेलेली असते. विडंबनास याहून अधिक काय हवे?

भरतमुनींनी ‘नाट्यशास्त्रा’त हास्याची उत्पत्ती शृंगारापासून सांगितली असून शृंगाराची अनुकृती ते हास्य असे म्हटले आहे. अभिनवगुप्ताने हेच तत्त्व इतर रसांनाही लावून दाखविले. या विवेचनातील मर्म असे की, ज्याची अनुकृती करावयाची तो मूळ भाव अगोदर जिवंत असावयास हवा. चाहत्याचा संघावरील लोभ हा खराखुरा लोभ असतो. म्हणूनच त्याची नक्कल हास्यजनक होते. जेथे प्रेम नाही, तेथे विडंबन करण्याजोगेही काही उरत नाही.

पक्षाभिमान आणि विडंबन यांचे हे नाते भारतीय साहित्याला नवे नाही. त्याचा सर्वांत रसाळ इतिहास लखनौचा आहे. इंशा आणि मुसहफी या कवींच्या भांडणात शिष्यगण मिरवणुका काढून प्रतिपक्षाची सोंगे आणीत, असे मुहम्मद हुसेन आझाद यांनी ‘आब-ए-हयात’ (१८८०) या ग्रंथात वर्णिले आहे. मुसहफीची शिष्यमंडळी निंदाकाव्य म्हणत दाराशी आली, तेव्हा इंशाने त्यांचे आदरातिथ्य केले आणि दाद देत ते काव्य पुन्हा म्हणवून घेतले, अशीही कथा तेथे येते. पुढे मरसियाकार मीर अनीस व मिर्झा दबीर यांच्या चाहत्यांचे ‘अनीसिये’ आणि ‘दबीरिये’ असे दोन तट शहरात पडले. लंडनच्या ‘पंच’चा आदर्श समोर ठेवून मुन्शी सज्जाद हुसेन यांनी १८७७ मध्ये ‘अवध पंच’ हे साप्ताहिक काढले, ते याच शहरात. पानिपतच्या हालींनी परंपरागत काव्यरीतीवर टीका केली, तेव्हा ‘अवध पंच’ने लखनवी अभिरुचीचा कैवार घेऊन त्यांच्यावर उपहासाची झोड उठविली. कवींच्या जागी खेळाडू आणि मुशायऱ्याच्या जागी मैदान कल्पिले, तर आजचे चित्र फारसे निराळे दिसत नाही.

२०२४ च्या सप्टेंबरात मोहन बागान व ईस्ट बंगाल यांचा सामना लखनौच्या के. डी. सिंग बाबू स्टेडियममध्ये झाला. मोहन बागानची स्थापना १८८९ ची आणि ईस्ट बंगालची १९२० ची. म्हणजे या वैराचे वय शंभर वर्षांहून अधिक आहे. एकाच्या चाहत्यांचे चिन्ह कोळंबी, तर दुसऱ्याच्या चाहत्यांचे हिलसा मासा. या दोन माशांवर बंगालीत जो विनोद चालतो, तो कोणत्याही अनुवादकास सहज हात देत नाही. शब्दांचे भाषांतर होते. त्यांमागील स्वयंपाकघर आणि त्यातील पिढ्यान्‌पिढ्यांची चव मागेच राहते. विडंबन मूळ नमुन्याला इतके बांधलेले असते.

मराठी मुलखात हे सारे पाहावयाचे तर कोल्हापूरला जावे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमींची नावे तेथे फुटबॉल संघांची नावे झाली आहेत. संघाचा अभिमान हा पेठेचाच अभिमान असतो. विश्वचषक आला की हीच पेठ ब्राझील किंवा अर्जेंटिना होते. अशा ठिकाणी विडंबनकाराची रीत साधारणतः तीन पायऱ्यांची असते. प्रथम तो चाहत्याचे नित्याचे बोल टिपतो. ‘हरलो नाही, हरवलं!’ हे त्यांपैकी एक. नंतर तो त्या बोलाला किंचित वाढवितो. फार वाढविल्यास नमुना ओळखू येत नाही. शेवटी तो त्यास परक्या साच्यात बसवितो. उदाहरणार्थ, चार गोलांच्या पराभवाचा तो पंचनामा करील : ‘बाधित क्षेत्र नव्वद मिनिटे, नुकसान चार गोल, कारण अवकाळी पंच, तरी पेठेस भरपाई मिळावी.’ येथे शिवी एकही नाही. हसू येते ते चाहत्याचा उद्वेग आणि कागदाची निर्विकारता यांच्या विजोड सांगडीमुळे.

आचार्य अत्रे यांच्या ‘झेंडूची फुले’ (१९२५) या संग्रहाचे यश याच जातीचे होते. रविकिरण मंडळाच्या काव्यातील लकबी त्यांनी हेरल्या, त्या त्या काव्याशी घनिष्ठ परिचय असल्यामुळेच. अत्रे स्वतः कविता लिहीत होते. परिचयावाचून केलेले विडंबन नेम न धरता मारलेल्या दगडासारखे असते. ते कोणास तरी लागते, पण ज्यास लागावयाचे त्यास क्वचितच.

आणि येथेच या हलक्याफुलक्या वाटणाऱ्या प्रकाराची खरी कसोटी आहे. ईस्ट बंगालच्या चाहत्यांत अनेक घरे फाळणीने उखडलेली होती. त्यांच्या हिलसाप्रेमाची अतिशयोक्ती केली, तर ते विडंबन होय. त्यांच्या निर्वासितपणावर बोट ठेवले, तर ती केवळ अवहेलना होय. तेच पेठेच्या, जातीच्या वा धर्माच्या नावाने केलेल्या हिणवणुकीविषयी म्हणावयास हवे. मनुष्य जे बोलतो, ते तो निवडतो. ज्या घरात जन्मतो, ते निवडीत नाही. विडंबनाचा अधिकार निवडलेल्या गोष्टींपुरता आहे.

समाजमाध्यमाने ही मर्यादा अधिक नाजूक केली आहे. ‘अवध पंच’ उघडणारा वाचक थट्टा वाचण्याच्या तयारीनेच तो अंक उघडी. नावच त्याला सावध करी. आज विडंबनाचे चार शब्द आपल्या चौकटीपासून सुटतात आणि ज्याने नमुना कधी ऐकला नाही, अशाच्या हाती पडतात. तो त्यांना खरे विधान समजतो, रागावतो आणि तितक्याच गांभीर्याने उत्तर देतो. शब्दांचे भांडण मग मैदानाच्या फाटकापर्यंत जाण्यास वेळ लागत नाही. म्हणून आजच्या विडंबनकाराला लेखनातच आपली खूण पेरावी लागते. वरच्या पंचनाम्यातील ‘अवकाळी पंच’ हा शब्दप्रयोग अशीच खूण आहे. तो वाचून हा सरकारी कागद आहे असे कोणी मानणार नाही.

चाहत्याने आपल्यावरील विडंबन वाचावे, क्षणभर ओशाळावे आणि मग ते स्वतःच मित्रांना पाठवावे, ही विडंबनाला मिळणारी सर्वांत मोठी दाद होय. इंशाने दाराशी आलेल्या मंडळींकडून ते निंदाकाव्य पुन्हा म्हणवून घेतले, त्यात हीच जाण होती. ज्या समाजात अशी दाद देणारे आणि तिला पात्र होणारे दोघेही आहेत, तेथे पक्षाभिमान कितीही तीव्र असला, तरी त्याचे वैरात रूपांतर होणे कठीण असते.