आधी मजकूर, मग वळण

वेबफॉन्टचा इतिहास बहुधा फाइली हलक्या होत गेल्याचा इतिहास म्हणून सांगतात. मराठीपुरता तरी तो अपुरा आहे. १९९७ साली इंटरनेट एक्सप्लोरर ४ बरोबर ईओटी, म्हणजे पानासोबत उतरणारा फॉन्ट आला आणि पुढे मराठी संकेतस्थळांनीही तो वापरला. पण तेव्हाच्या बहुतेक फॉन्टमध्ये देवनागरी आकृत्या रोमन अक्षरांच्या जागी बसवलेल्या असत. फॉन्ट पोहोचला नाही किंवा ब्राउझर दुसरा निघाला, की अग्रलेखाच्या जागी रोमन अक्षरांचा गिचमिडा. फॉन्ट येईपर्यंत वाचकाला ताटकळत ठेवण्यावाचून इलाजच नव्हता. युनिकोड रुळला आणि मजकूर फॉन्टपासून सुटा झाला. वेगाची पुढची प्रत्येक युक्ती त्या सुटकेवर उभी आहे.

त्यानंतर गूगल फॉन्ट्स (२०१०) आले; वॉफ हे फॉन्टफाइलचे स्वरूप २०१२ साली आणि त्याहून सरासरी सुमारे ३० टक्के लहान वॉफ २ हे २०१८ साली प्रमाणित झाले. तरीही फॉन्ट उतरेपर्यंत अनेक ब्राउझर तीन-तीन सेकंद मजकूर दडवून ठेवत. २०१७ पासून क्रोममध्ये ‘फॉन्ट-डिस्प्ले’ या पानाच्या कोडमधल्या सूचनेने ती सक्ती मोडली: हाताशी असलेल्या फॉन्टमध्ये मजकूर लगेच दाखवा, नवा आला की बदला. यावर आक्षेप असा, की बदलताना ओळी उड्या मारतात. खरे आहे, वेलांट्या-मात्रांमुळे देवनागरीत ते जास्तच खुपते. पण २०२१ पासून पर्यायी फॉन्टचे माप मूळ फॉन्टशी जुळवून घेता येते. तेवढे कष्ट मात्र फार थोडे लोक घेतात.

मग फोनमधलाच फॉन्ट का नको? बातमीच्या पानाला तो खुशाल चालेल. पण अनेक फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे असतात. मराठी वळण हवे, तर ते असलेला फॉन्ट लागतो आणि पानाची भाषा मराठी असल्याचे कोडमध्ये नोंदवावे लागते. फाइल हलकी करतानाही कात्री जपून चालवावी लागते: जोडाक्षरांच्या आकृत्यांना स्वतंत्र युनिकोड क्रमांक नसतात. ‘दऱ्या’मधला अर्धा ऱ निरुपयोगी समजून छाटला, तर शब्दाच्या मध्येच पाय मोडलेला दिसतो. गूगलच्या सर्व्हरवरचा फॉन्ट वाचकाकडे आधीच साठवलेला असेल, हा हिशेबही आता चुकीचा आहे. २०२० पासून क्रोम प्रत्येक संकेतस्थळाचा साठा वेगळा ठेवतो. तेव्हा फॉन्ट आपल्याच सर्व्हरवर ठेवा, साधा आणि ठळक एवढ्यावर भागवा, आणि छाटलेली फाइल मराठी वाचणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या.