घर आणि सरकार (लेखांक ६) : माळवदावरचा ‘कच्चा’ शेरा

गेल्या आठवड्यात आपण घरकुलाच्या अनुदानात सिमेंट आणि सळई यांचा वाटा किती हे पाहिलं. आज घराच्या अशा एका सामानाकडे वळू, जे सरकारनं आधी बाहेर काढलं आणि आता पुन्हा आत यायला सांगितलं. ते म्हणजे लाकूड.

धाराशिव जिल्ह्याच्या परांडा तालुक्यातलं सोनारी हे काळभैरवनाथाचं गाव. चैत्रातल्या यात्रेला लांबून माणसं येतात. या साऱ्या पट्ट्यातलं जुनं घर म्हणजे माळवद. त्याचं माप चौरस फुटांत नव्हे, खणांत सांगायचे : तीन खणांचं, पाच खणांचं. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर सर, सरांवर किलचणं, त्यावर काडीकचरा आणि सगळ्यांत वर पांढऱ्या मातीचा थर. छताचं ओझं खांबांवर येतं. बाजूच्या दोन-तीन फुटी दगडी भिंती ऊन, पाऊस आणि चोर अडवायला. म्हणजे लाकडी सांगाड्याचं घर आपल्याकडे बाहेरून आलेलं नाही.

मग ते गेलं कसं? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसं गेली. उमरगा-लोहाऱ्याकडचा भाग उद्ध्वस्त झाला. नंतर अभियंत्यांनी ढिगारे तपासले तेव्हा दोष कुठे होता ते दिसलं. भिंतींचे आतले-बाहेरचे दोन थर मातीत नुसते रचलेले होते, त्यांना आरपार बांधणारा दगडच नव्हता. हादरा बसताच थर सुटून माणसांवर कोसळले. वर दर पावसाळ्याआधी माती टाकून टाकून छत फार जड झालेलं होतं. कित्येक ठिकाणी मात्र भिंती पडूनही खांब आणि तुळया उभ्या राहिल्या.

त्यावरून बळकटीकरणाच्या सूचना निघाल्या : माळवदावरची माती कमी करा, खांब आणि तुळईच्या सांध्याला तिरके टेकू द्या, भिंतीत आरपार जोड घाला. खर्च थोडा आणि गावचा सुतार-गवंडी करू शकेल असं काम. पण भेदरलेल्या माणसाला दगड नको होता, माती नको होती, लाकूडही नको होतं. दुरुस्तीसाठी मिळालेल्या पैशातून बहुतेकांनी विटांची, स्लॅबची नवी खोली शेजारी उभी केली. ज्यांची लेकरं ढिगाऱ्याखाली गेली, त्यांना सांध्यांचं शास्त्र कोण समजावणार?

योगायोग असा, की त्याच १९९३ साली केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्यानं आपल्या इमारतींत लाकूड वापरायला बंदी केली. कारण भूकंपाचं नव्हतं, जंगलाचं होतं. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीनं लाकडाला जास्तीत जास्त पर्याय शोधावेत असं उद्दिष्टच ठेवलं होतं. १२ डिसेंबर १९९६ ला जंगलतोडीविरुद्धच्या गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला आणि वृक्षतोड नि आरागिरण्या यांच्यावरचा लगाम आणखी आवळला गेला. त्या काळी जंगलाची लूट खरीच होती, त्यामुळे हा लगाम चुकीचा म्हणता येत नाही. पण दाराच्या चौकटीपासून तुळईपर्यंत लोखंड, ॲल्युमिनियम आणि काँक्रीट आलं, आणि लाकडाचा हिशेब जाणणारी अभियंत्यांची पिढी घडायची थांबली.

उरलेलं काम गणनेच्या तक्त्यानं केलं. २०११ च्या जनगणनेत छताच्या प्रकारांत गवत, पाला, बांबू, लाकूड आणि माती एकाच रकान्यात आहेत. म्हणजे सागवानी तुळयांचं शंभर वर्षं टिकलेलं माळवद आणि पाचटाचं छप्पर कागदावर सारखंच, दोन्ही कच्ची. घरकुलाच्या यादीसाठीही छत-भिंतीचं सामान पाहूनच कच्चं-पक्कं ठरलं. माळवद नीट राखणाऱ्याच्या हाती काहीच पडत नाही आणि पाडून स्लॅब टाकणाऱ्याला मदत मिळते, तर माणूस काय करेल हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

याच काळात जग उलट दिशेला निघालं. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतानं २००९ मध्ये सरकारी पैशाच्या इमारतींत आधी लाकडाचा विचार करा असा कायदा केला. जपाननं २०१० मध्ये सार्वजनिक इमारतींसाठी असाच कायदा केला आणि २०२१ मध्ये त्याची व्याप्ती सगळ्या इमारतींपर्यंत वाढवली. कारण सरळ आहे. जगातल्या कार्बन उत्सर्जनाचा सात-आठ टक्के भाग एकट्या सिमेंटचा. उलट एक घनमीटर लाकडात झाडानं हवेतून घेतलेला जवळपास एक टन कार्बन डायऑक्साइड अडकून राहतो. आगीचं भयही वाटतं तेवढं नाही. जाड तुळई बाहेरून मिनिटाला एक मिलिमीटरहून कमी वेगानं कोळसत जाते आणि तो कोळसाच आतल्या लाकडाला राखतो.

पण ती धोरणं जशीच्या तशी उचलून चालणार नाहीत. जपानकडे युद्धानंतर लावलेली आणि आता तोडीला आलेली सूचिपर्णी झाडांची अफाट वनं आहेत. धाराशिव हा राज्यातल्या सर्वांत कमी वनाच्छादनाच्या जिल्ह्यांपैकी एक. इथं नुसती मागणी वाढवली तर लाकूड दुसऱ्याच्या जंगलातून येईल किंवा परदेशातून.

जुलै २०२० मध्ये केंद्रीय बांधकाम खात्यानं बंदी उठवली. तेवढ्यानं प्रोत्साहन मिळत नाही. आपल्याकडे सुरुवात इमारतीपासून नव्हे, बांधावरून करावी लागेल. शेतकऱ्यानं लावलेला साग, आंबा, चिंच, जांभूळ तोडायलाही १९६४ च्या राज्याच्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगी लागते. स्वतःचं झाड विकताना चार खेटे घालावे लागणार असतील, तर माणूस ते लावतच नाही. केंद्राच्या २०१४ च्या कृषिवनीकरण धोरणानं ही अडचण मान्य केली. बांबूच्या बाबतीत ती खरोखर दूर झाली : २०१७ मध्ये भारतीय वन कायद्यात दुरुस्ती होऊन वनाबाहेरचा बांबू ‘झाड’ या व्याख्येतून वगळला गेला. तोड आणि वाहतुकीची कायद्यातली आडकाठी गेल्यावरच शेजारच्या लातूर जिल्ह्यात बांबू लागवडीच्या गोष्टीला जोर आला.

बांबूला आणि बाभळीसारख्या गावठी लाकडाला वाळवी-भुंग्यापासून वाचवायला, ते पावसापासून आडोशाला असेल तर, बोरॅक्स-बोरिकची प्रक्रिया पुरते. ती अवघड नाही, पण तालुक्याला एक केंद्र तरी हवं. राष्ट्रीय इमारत संहितेत लाकूड आणि बांबूच्या बांधणीचे नियम आहेतच. प्रश्न ते वाचून सही करणाऱ्या कनिष्ठ अभियंत्याचा आहे.

सोनारीसारख्या गावासाठी लाकडाचं धोरण म्हणजे अठरा मजली लाकडी मनोरा नव्हे. घराची पक्केपणाची परीक्षा सामानावरून न घेता सांध्यावरून आणि ओझ्यावरून घ्यावी. घरकुलाच्या रकमेत माळवद हलकं करून बळकट करण्याचा पर्याय असावा. अंगणवाडी, ग्रामपंचायत, यात्रेकरूंची निवारा-शेड यांपैकी एखादी इमारत बांधावरच्या लाकूड-बांबूची करून दाखवावी. गावकरी परिपत्रकावर नाही, उभ्या इमारतीवर विश्वास ठेवतात. या तीन गोष्टींना नवा कायदा लागत नाही, अंदाजपत्रकाच्या नमुन्यात चार ओळी वाढवाव्या लागतात.

त्या ओळी लिहितं कोण आणि त्या बदलायला वर्षं का लागतात? पुढच्या लेखांकात जिल्हा दरसूची, म्हणजे बांधकामाचा भाव ठरवणारं पुस्तक.