घरी मुलांना मोठ्याने वाचून दाखवा



या पानावर आम्ही नेहमी लागण, खते आणि खोडवा यांविषयी लिहितो. या खेपेचा विषय वेगळा आहे, पण तोही आम्हाला शिवारफेरीतच मिळाला.

गेल्या हंगामात एका सभासदाच्या ओट्यावर बसून माती परीक्षणाचा अहवाल समजावून देत होतो. आजोबा तिसरीतल्या नातवाला म्हणाले, "वाच रे, सायबांना दाखव." पोराने अक्षर-अक्षर जोडत 'स्फुरद', 'पालाश' बरोबर वाचले. "म्हणजे काय रं?" म्हटल्यावर गप्प. हे शब्द अवघडच, म्हणून त्याच्याच पुस्तकातला सोपा धडा पुढे केला. तिथेही तेच. आजोबा चिडले, पण पोराचा दोष नव्हता.

नवशिक्या मुलाचे सगळे बळ अक्षरे जोडण्यात खर्च होते. एकटा 'र' घ्या. 'क्रम', 'कर्म', 'राष्ट्र', 'दऱ्या' अशी त्याची किती रूपे! 'कर्म'मध्ये तर तो म्हणायचा आधी आणि काढायचा पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. ओळ संपेपर्यंत पोर तिची सुरुवात विसरते. तोच मजकूर कोणी वाचून दाखवला तर मात्र त्याला कळतो, कारण डोके अर्थाकडे मोकळे राहते.

दुसरी गोष्ट भाषेची. घरात आपण 'हाय', 'न्हाय', 'कुटं' म्हणतो आणि पुस्तकात 'आहे', 'नाही', 'कोठे' असते. घरची बोली चुकीची नाही, ती सोडायचीही नाही. पण पुस्तकी वाक्य कानावरून गेलेले नसेल तर डोळ्यांना ते परके वाटते. उसात पहिले चार महिने तण राहिले तर पुढे कितीही खत टाका, भरून निघत नाही, हे आपण जाणतो. वाचनाचे नंतर अगदीच भरून निघत नाही असे नाही, पण फार जड जाते.

करायचे एवढेच. जेवणे झाली की टीव्ही-मोबाईल बंद करून १५ मिनिटे बसावे. पोराला शेजारी घ्यावे, म्हणजे पान त्यालाही दिसते. ओळीखालून बोट फिरवावे. मध्येच थांबून "आता काय होईल?" विचारावे, पण परीक्षा घेऊ नये. तीच गोष्ट दहा वेळा मागितली तर दहा वेळा वाचावी. अडखळत वाचलेत तरी चालते, उलट मोठी माणसेही अडखळतात हे पोराला कळते. वाचता येत नसेल त्यांनी थोरल्या लेकीला वाचायला लावावे आणि आपणही ऐकायला बसावे.

मूल स्वतः वाचू लागले की आपण थांबतो. आम्हीही हीच चूक केली. थोरल्याचे वाचन तिसरीत सुधारले म्हणून बंद केले, आणि त्याचे पुस्तक मिटले ते मिटलेच. धाकटीला सातवीपर्यंत वाचून दाखवले. तिच्या हातून आता पुस्तक सुटत नाही.

काय वाचावे? बालभारतीचे 'किशोर' मासिक नोव्हेंबर १९७१ पासून निघते. त्याचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत आहेत, मोबाईल तेवढ्यापुरता चालू ठेवा. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली 'श्यामची आई' तर एकेका रात्रीच्या कथनातच मांडलेली आहे. लहानग्यांना मात्र त्यातले काही जड होईल, ती चौथी-पाचवीसाठी ठेवावी.

आणखी एक. तोडणी टोळ्यांची मुले शाळा अर्धी टाकून आपल्याकडे येतात. तुम्ही वाचत असताना त्यांतले एखादे पोर ओट्यावर येऊन टेकले तर त्याला उठवू नका.

शेतीची लाईट रात्रीची असते त्या आठवड्यात हे सगळे मोडते, हे आम्ही जाणतो. बाप दारे धरायला गेला असेल तर आईने वाचावे, नाहीतर दिवेलागणीच्या आधीच उरकून घ्यावे.